मुंबई–फ्रँकफर्ट रात्रीचे विमान : अपग्रेडसाठी खिशातले पैसे घालावेत का?

आपला प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे तो मला नीट कळला आहे की नाही हे आपल्यालाही दिसेल. आपण पुण्यात राहता, वय ४६ आणि उंची पाच फूट अकरा इंच. कंपनीने मे महिन्यातल्या मुंबई–फ्रँकफर्ट थेट विमानाचे इकॉनॉमीचे तिकीट काढून दिले आहे. विमान मध्यरात्रीनंतर अडीचला सुटते आणि जर्मनीच्या घड्याळाने सकाळी पावणेआठला उतरते, आणि त्याच दिवशी दुपारी एक वाजता स्टुटगार्टमध्ये ग्राहकासमोर आपल्याला यंत्राचे सादरीकरण करायचे आहे. आता विमान कंपनीचा ई-मेल आला आहे : प्रीमियम इकॉनॉमी हवी असल्यास २८,००० रुपये भरा, किंवा बिझनेस क्लाससाठी बोली लावा, किमान बोली ७०,००० रुपये. पैसे आपल्याच खिशातून जाणार आहेत. आपण विचारता, ही चैन करावी की नाही?

मी गेली २६ वर्षे पुण्यात विमान-तिकिटांचे काम करतो. असा प्रश्न घेऊन येणारे बहुतेक जण खुर्चीविषयी बोलतात : किती रुंद, किती मागे जाते, पाय ठेवायला काय. मी त्यांना आधी उतरल्यानंतरच्या बारा तासांविषयी विचारतो. ज्या माणसाला उतरून बहिणीच्या घरी जाऊन झोपायचे आहे आणि ज्याला पाच तासांनी परक्या भाषेच्या देशात उभे राहून बोलायचे आहे, त्या दोघांना एकच खुर्ची एकाच किमतीला परवडत नाही. आपला प्रश्न दुसऱ्या प्रकारचा आहे, म्हणून आपण विकत घ्यायची वस्तू झोप आहे असे धरून पुढचा सगळा हिशेब करतो.

अर्थात हे उत्तर तीन गोष्टींवर अवलंबून आहे, आणि त्या तिन्हींची माहिती माझ्यापेक्षा आपल्याकडे जास्त आहे. विमानात खरोखर किती तास झोपायला मिळतात ही पहिली. आपल्याला बसल्या बसल्या झोप लागते का ही दुसरी. आणि तेच पैसे दुसरीकडे खर्च करून त्याहून चांगली झोप मिळते का ही तिसरी. पहिली गोष्ट आकड्यांची असल्यामुळे तिच्यावर मी थोडा जास्त वेळ घालवतो.

मे महिन्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, म्हणजे तिथले पावणेआठ हे आपले सव्वाअकरा. अडीच ते सव्वाअकरा म्हणजे पावणेनऊ तास. ही झाली वेळापत्रकातली लांबी. झोपेची लांबी वेगळी असते. विमान धावपट्टीपर्यंत जाऊन उडते आणि पट्टे सोडायची परवानगी मिळते तोवर तीन वाजतात. मग ट्रॉली येते, जेवण येते, शेजाऱ्याची तबके उचलली जातात आणि दिवे मालवतात तेव्हा सव्वाचार झालेले असतात. दुसऱ्या टोकाला, उतरण्याच्या पावणेदोन-दोन तास आधी दिवे लागतात आणि न्याहारी सुरू होते. म्हणजे आपल्या घड्याळाने सव्वाचार ते सव्वानऊ किंवा साडेनऊ, जेमतेम सव्वापाच तासांची खिडकी. याउलट बिझनेसमध्ये बसणाऱ्याने विमानतळावरच जेवून घेतले, तीन वाजता बिछाना सपाट केला आणि न्याहारीला उठवू नका असे सांगितले, तर त्याला सव्वादहापर्यंत, म्हणजे सात तासांहून थोडे अधिक मिळतात. रात्रीच्या विमानात बिझनेसचा सर्वांत मोठा फायदा हा आहे की जेवणाच्या वेळापत्रकाचे बंधन आपल्यावर राहत नाही. शँपेन वगैरे गोष्टी मी हिशेबातच धरत नाही, किंबहुना दुसऱ्या दिवशी बोलायचे असेल तर तिला हात न लावलेला बरा.

आता दुसरी गोष्ट. यासाठी मी ग्राहकांना एक जुनीच परीक्षा सांगतो : आपण कधी एसटीच्या रातराणीने, किंवा पुणे–नागपूरच्या बसमध्ये स्लीपर न मिळाल्यामुळे बसून प्रवास केला आहे का, आणि केला असेल तर पहाटे उतरताना आपली अवस्था काय होती? काही माणसे पुण्यात तिकीट फाडले की नगरच्या पुढे कुठेतरी घोरायला लागतात आणि थेट नागपूरला चहाच्या हाकेने उठतात. ही देणगी आहे, आणि ती ज्याच्याकडे आहे त्याने विमान कंपनीला एक रुपयाही जास्त देऊ नये असे मी व्यवसायाचे नुकसान करून सांगतो. दुसऱ्या प्रकारची माणसे डोळे मिटून पडतात, मान एका बाजूला कलंडली की दचकून जागी होतात, आणि सकाळपर्यंत हाच खेळ वीस-पंचवीस वेळा चालतो. आपण लिहिले आहे की मागच्या वेळी त्याच मार्गावर "फार तर दोन तास डोळा लागला". त्यामुळे आपण दुसऱ्या गटातले आहात असे मी धरतो.

या दुसऱ्या गटासाठी प्रीमियम इकॉनॉमी हा फसवा पर्याय आहे, आणि हे सांगताना मला ती खुर्ची वाईट आहे असे मुळीच म्हणायचे नाही. इकॉनॉमीत पुढच्या खुर्चीपर्यंतचे अंतर साधारण ३१ इंच आणि खुर्चीची रुंदी १७ ते १८ इंच असते. प्रीमियममध्ये अंतर ३८ इंचांच्या आसपास आणि रुंदी इंच-दीड इंचाने जास्त. पाठ थोडी जास्त मागे जाते, बहुतेक ठिकाणी पोटऱ्यांना आधार असतो, एका ओळीत माणसे कमी असतात आणि पुढच्याने खुर्ची मागे घेतली तरी आपल्या मांडीवर येत नाही. आपल्या उंचीच्या माणसाला गुडघ्यांपुरता हा फरक चांगलाच जाणवतो. पण ती शेवटी खुर्चीच आहे. त्यात आपण आडवे होत नाही, आणि ज्याची मान बसल्या स्थितीत टिकत नाही त्याची मान सात इंच जास्त जागा मिळाल्याने टिकू लागत नाही. माझ्या ग्राहकांच्या सांगण्यावरून आणि माझ्या स्वतःच्या दहा-बारा प्रवासांवरून माझा अंदाज असा की, बसून न झोपणाऱ्याला प्रीमियममध्ये या अंतराच्या प्रवासात फार तर एक तास झोप जास्त मिळते.

आता भागाकार करून पाहा. इकॉनॉमीत दोन तास, प्रीमियममध्ये तीन, बिझनेसमध्ये सहा धरू. प्रीमियममध्ये एका जादा तासाला २८,००० रुपये पडतात. बिझनेसची बोली किमान रकमेवर लागली तर चार जादा तासांना ७०,०००, म्हणजे तासाला साडेसतरा हजार. दिसायला स्वस्त असलेला पर्याय आपल्यासारख्या माणसाला महाग पडतो, आणि ई-मेलमध्ये हे दोन पर्याय शेजारी ठेवण्यामागे विमान कंपनीचा हेतू नेमका हाच असतो की सत्तर हजार पाहून दचकलेल्या माणसाला अठ्ठावीस हजार रास्त वाटावेत. माझी सहा आणि दोनची संख्या आपल्याला पटत नसेल तर स्वतःची घाला. भागाकार तोच ठेवा.

हाच हिशेब दुसऱ्या मार्गांवर वेगळा निघतो. मुंबईहून दुबई किंवा दोहा हा तीन-साडेतीन तासांचा प्रवास. त्यात जेवण वगळल्यावर झोपेची खिडकीच उरत नाही, शिवाय अनेक कंपन्या या टप्प्यावर एकाच मार्गिकेची लहान विमाने वापरतात आणि त्यांतल्या बिझनेसच्या खुर्च्या बहुधा नुसत्या रुंद असतात, बिछाना होणाऱ्या नसतात. त्या टप्प्यावर अपग्रेड मी कोणालाही सुचवत नाही. सिंगापूरचा साडेपाच तासांचा प्रवास मधला. तीन तासांच्या झोपेसाठी लाखभर रुपये देणारे लोक असतात, पण ते हिशेब करणारे नसतात. मुंबई–न्यूयॉर्क थेट विमानात मात्र पंधरा तासांहून अधिक काळ बसायचे असते, आणि तिथे प्रीमियमलाही अर्थ येतो, कारण तिथे झोपेइतकाच जागेपणीच्या आठ-नऊ तासांचा, गुडघ्यांचा आणि कमरेचा प्रश्न असतो.

बिझनेस घ्यायचे ठरवण्याआधी एक गोष्ट तपासाच : त्या दिवशी त्या मार्गावर कोणते विमान उडणार आहे आणि त्यातली बिझनेसची खुर्ची कोणती आहे. एकाच कंपनीच्या ताफ्यात नवी आणि जुनी विमाने असतात. नव्यांत प्रत्येक खुर्चीला मार्गिकेची वाट असते आणि बिछाना पूर्ण आडवा होतो. काही जुन्यांत एका ओळीत दोन-तीन-दोन अशी मांडणी असते आणि मधल्या प्रवाशाला बाहेर पडायचे तर शेजाऱ्याला ओलांडावे लागते. काही ठिकाणी बिछाना सपाट होतो पण उतारावर, त्यामुळे माणूस रात्रभर पायथ्याकडे घसरत राहतो. माझे एक ग्राहक अशाच उतारावर झोपून म्युनिकला गेले आणि परत आल्यावर म्हणाले, "तुम्ही मला पलंग सांगितला होतात, ती घसरगुंडी होती." चूक माझी होती, मी विमानाचा प्रकार पाहिला होता, त्याची आतली मांडणी पाहिली नव्हती. आपल्या बुकिंगमध्ये जाऊन बिझनेसचा आसन-नकाशा उघडा, एका ओळीत किती खुर्च्या आहेत ते मोजा. एक-दोन-एक असेल तर निर्धास्त राहा. ऐनवेळी विमान बदलण्याची शक्यता कायम असतेच, ती कोणाच्या हाती नाही.

विमानाच्या प्रकाराचा आणखी एक फायदा आहे, आणि तो सगळ्या वर्गांना सारखाच मिळतो. उडत्या विमानाच्या आतला हवेचा दाब जमिनीवरच्यासारखा नसतो. तो सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा तसा असतो. कळसूबाईचे शिखर ५,४०० फुटांचे आहे, म्हणजे आपण रात्रभर त्याच्याही वर बसलेले असतो, आणि तेही अत्यंत कोरड्या हवेत. बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० या विमानांत हा दाब सहा हजार फुटांइतका राखला जातो, जुन्या बनावटीच्या विमानांत तो आठ हजारांपर्यंत जातो. सकाळी डोके जड होणे, घसा कोरडा पडणे यांत या गोष्टीचा वाटा असतो. पुढच्या वेळी कंपनी तिकीट काढण्याआधी आपल्याला विचारत असेल, तर तेवढ्याच भाड्यात यांपैकी एखादे विमान मागून घ्या.

आता पैशांच्या व्यवहाराकडे वळतो. बोलीच्या पानावर एक काटा असतो, जो आपली बोली "कमकुवत" किंवा "उत्तम" असल्याचे रंग दाखवतो. तो काटा आपल्याला वर ढकलण्यासाठी आहे. बोली लागणार की नाही हे त्या रात्री बिझनेसच्या किती जागा विकल्या न जाता उरतात यावर ठरते. आठवड्याच्या मधल्या दिवशी, सुट्ट्यांच्या हंगामाबाहेर जागा उरतात. मे महिन्यात आपल्याकडचे सहलीचे प्रवासी युरोपला निघतात, पण त्यांची गर्दी मुख्यतः इकॉनॉमीत असते. मी स्वतः किमान रकमेच्या दहा-पंधरा टक्के वर बोली लावतो आणि विसरून जातो. निर्णय साधारणपणे उड्डाणाच्या तीन दिवस ते एक दिवस आधी कळतो. बोली नाकारली गेली तर पैसे जात नाहीत. स्वीकारली गेली तर परत मिळत नाहीत, मग आपली बैठक रद्द झाली तरी. बोली माणशी आणि टप्प्यागणिक असते, हेही पाहून घ्या. बोली लागली नाही तर ऑनलाइन चेक-इन सुरू झाल्यावर ॲपमध्ये आणि शेवटी विमानतळाच्या काउंटरवर एकदा किंमत विचारायला हरकत नाही. तिथे ती कधी कमी असते, कधी जास्त. चांगला सूट घालून गेल्यास फुकट अपग्रेड मिळते ही मात्र दंतकथा आहे. इकॉनॉमीत जागेपेक्षा जास्त तिकिटे विकली गेली की काहींना वर बसवतात, आणि ते बहुतेक वेळा त्या कंपनीचे नेहमीचे, वरच्या श्रेणीचे सभासद असतात.

दाखवलेल्या रकमेत कर धरला आहे का, तेही वाचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून इकॉनॉमीखेरीज इतर वर्गांच्या तिकिटांवरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला आहे, इकॉनॉमीवर तो ५ टक्केच आहे. आणि अपग्रेड बोलीने मिळाले असेल तर सामानाची मर्यादा आणि सभासदत्वाचे गुण अनेकदा मूळ इकॉनॉमी तिकिटाप्रमाणेच राहतात. लाउंज मिळेल की नाही हेही कंपनीगणिक बदलते. मुंबईच्या टी-२ वरचे लाउंज आपल्याकडच्या बऱ्याच क्रेडिट कार्डांवर तसेही मिळते, त्यामुळे त्याची किंमत अपग्रेडमध्ये मोजू नका. तिकिटाचा वर्गच मुळात वरचा काढलेला असेल आणि विमान कंपनीने आपल्याला खालच्या वर्गात बसवले, तर भारतातून सुटणाऱ्या साडेतीन हजार किलोमीटरपेक्षा लांबच्या आंतरराष्ट्रीय प्रवासात तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम परत देण्याचा नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२३ मध्ये केला आहे. बोलीच्या अपग्रेडला कंपनीच्या अटी लागू होतात, म्हणून पावती जपून ठेवावी.

आणखी एक, थोडी नाजूक बाब. तिकीट कंपनीचे आहे. काही कंपन्यांच्या तिकिटांचा भाडे-प्रकार अपग्रेड चालवूनच घेत नाही, आणि काही ठिकाणी कर्मचाऱ्याने स्वतःच्या पैशाने वर बसलेलेही वरिष्ठांना आवडत नाही, विशेषतः साहेब स्वतः त्याच विमानात इकॉनॉमीत असतील तर. आपल्या ट्रॅव्हल डेस्कला एक ओळ लिहून विचारा. त्याच पत्रात तिसऱ्या पर्यायाचीही विचारणा करा, जो मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

तो पर्याय म्हणजे एक दिवस आधी निघणे. बैठक बुधवारी असेल तर मंगळवारी सकाळी पोहोचा, दुपारी फिरा, रात्री आडव्या पलंगावर आठ तास झोपा. एका रात्रीच्या हॉटेलचे भाडे बोलीच्या रकमेपुढे किरकोळ आहे, आणि कंपनीला ते समजावून सांगणेही सोपे जाते, कारण "मला बिझनेस हवे" यापेक्षा "सादरीकरणाआधी एक रात्र हवी" हे वाक्य कोणत्याही मॅनेजरच्या गळी लवकर उतरते. आपल्याला घरच्या किंवा कामाच्या कारणाने आदल्या दिवशी निघता येत नसेल तरच अपग्रेडचा विचार पुढे न्या. मी स्वतः एकदा बर्लिनच्या आयटीबी या पर्यटन-मेळ्याला गेलो असताना एक दिवस आणि थोडे पैसे वाचवण्यासाठी रात्रीच्या विमानाने इकॉनॉमीत बसून थेट मेळ्यात पोहोचलो होतो. दुपारपर्यंत उत्तम चालले. संध्याकाळी सहा वाजता एका हॉटेलवाल्याशी दर ठरवत असताना समोरचा काय बोलतो आहे ते मला ऐकू येत होते, पण कळत नव्हते. त्या दिवशी मी मान्य केलेले दर वर्षभर माझ्या डोक्यावर बसले होते.

या अनुभवातली वेळ लक्षात घ्या. पश्चिमेकडे जाताना शरीराचे घड्याळ दुपारपर्यंत आपल्या बाजूने असते. आपले सादरीकरण जर्मनीत दुपारी एकला, म्हणजे शरीराच्या हिशेबाने साडेचारला आहे, आणि साडेचारला माणूस तीन तासांच्या झोपेवरही चहा-कॉफीच्या आधाराने उभा राहू शकतो. खरी पडझड तिथल्या सहा-सातनंतर होते, कारण तेव्हा शरीराचे साडेनऊ-साडेदहा झालेले असतात आणि आदल्या रात्रीची उधारी वसुलीला येते. ग्राहकाने त्याच संध्याकाळी जेवायला बोलावले असेल आणि व्यवहाराचे बोलणे जेवणावर होणार असेल, तर आपला धोका दुपारी एकला नसून संध्याकाळी सातला आहे. जेवण दुसऱ्या दिवसावर ढकलता आले तर आपल्या गरजेतला निम्मा भाग तिथेच मिटतो, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

इकॉनॉमीतच जायचे ठरले तर सव्वापाच तासांची खिडकी साडेसहा तासांची करता येते. पुण्याहून संध्याकाळी साडेसात-आठला निघाल तेव्हा वाटेत एक्स्प्रेसवेवरच्या फूड मॉलमध्ये पोटभर पण साधे जेवून घ्या आणि विमानातले जेवण सोडून द्या. खिडकीची जागा घ्या, म्हणजे टेकायला भिंत मिळते आणि शेजाऱ्याला बाहेर जायचे असले तरी आपल्याला उठावे लागत नाही. पट्टा पांघरुणाच्या वरून बांधा. तो दिसत असला की धक्के बसू लागल्यावर कर्मचारी तपासायला उठवत नाहीत. शेवटच्या ओळीची आणि स्वच्छतागृहाजवळची जागा टाळा. आणीबाणीच्या दरवाजाजवळच्या ओळीत पाय पसरता येतात आणि तिची जादा किंमत अपग्रेडच्या मानाने फार कमी असते, आपल्या उंचीला ती उत्तम; मात्र तिथल्या काही खुर्च्यांचे हात घट्ट बसवलेले असतात आणि उड्डाणाच्या वेळी बॅग पायाशी ठेवता येत नाही. सर्वांत पुढच्या, भिंतीसमोरच्या ओळीचा मोह धरू नका. तिथेच तान्ह्या बाळांचे पाळणे अडकवतात, आणि मी एका ग्राहकाला मोठ्या उत्साहाने तीच जागा मिळवून दिली होती. त्यांच्या दोन्ही बाजूंना पाळणे आले.

परतीच्या प्रवासासाठी एक रुपयाही घालू नका. फ्रँकफर्टहून मुंबईचे आपले विमान दुपारी एकच्या सुमारास सुटते आणि मध्यरात्रीनंतर पोहोचते, म्हणजे तो दिवसाचा प्रवास आहे. शरीराला झोप यायच्या आधीच तो जवळजवळ संपतो. त्या प्रवासाचा थकवा पुढच्या पहाटेच्या मुंबई–पुणे गाडीत असतो, आणि तिथे चांगला, झोप झालेला चालक मिळणे हेच अपग्रेड. पैसे घालायचेच असतील तर तिथे घाला.

आपण शेवटी जाता जाता विचारले आहे की दिवाळीनंतर आई-वडील अमेरिकेला मुलीकडे जाणार आहेत, त्यांनाही हाच हिशेब लागू होतो का. नाही. त्यांना उतरून सादरीकरण करायचे नाही, पण सत्तरीच्या माणसाचे गुडघे आणि रात्री दोनदा-तीनदा उठावे लागणे हा वेगळाच विषय आहे. त्यांच्यासाठी मार्गिकेची जागा सर्वांत महत्त्वाची. खिडकी कितीही आवडत असली तरी दोन माणसांना उठवायच्या संकोचाने वडीलधारी माणसे पाणी पिणेच टाळतात, आणि तेच अपायकारक ठरते. प्रवास आखाती देशावरून असेल तर पहिला तीन तासांचा टप्पा इकॉनॉमीत राहू द्या आणि दुसऱ्या, चौदा तासांच्या टप्प्यावर प्रीमियम घ्या, शक्य तर दोघांनाही एकाच वेळी, कारण एकाला पुढे आणि एकाला मागे बसवले की दोघेही रात्रभर एकमेकांची काळजी करत बसतात. पायांत रक्ताची गुठळी होण्याची भीती मात्र वरच्या वर्गाने जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चार तासांहून लांब प्रवासानंतर हा धोका साधारण दुप्पट होतो असे दिसले, निरोगी माणसात तो सहा हजारांत एक इतका होता. आणि त्याचे कारण बराच वेळ न हलता बसणे हे आहे, मग ते बसणे विमानातले असो वा बस-मोटारीतले. तासा-दीड तासाने उठून चार पावले चालणे, पोटऱ्या हलवणे हे बिझनेसमध्येही करावेच लागते. पूर्वी असा त्रास झाला असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर तिकिटाच्या आधी डॉक्टरांना विचारा, मला नको.

तर आपल्यापुरते सांगायचे झाल्यास, २८,००० रुपयांची प्रीमियम इकॉनॉमी घेऊ नका. उद्याच ट्रॅव्हल डेस्कला पत्र लिहून एक दिवस आधीचे तिकीट बदलून मिळते का ते विचारा. ते जमले नाही, ग्राहकाचे जेवणही हलवता आले नाही आणि या भेटीवर मोठी ऑर्डर अवलंबून असेल, तर आसन-नकाशा पाहून बिझनेससाठी ७५,००० ते ८०,००० पर्यंत एकच बोली लावा आणि त्यापुढे जाऊ नका. बोली लागली नाही, तर दरवाजाजवळच्या ओळीतली जागा घ्या, जेवण सोडा, आणि फ्रँकफर्ट विमानतळावर पैसे देऊन अंघोळ करायची सोय आहे तिचा उपयोग करून मगच रेल्वेकडे वळा. विमानतळाखालूनच स्टुटगार्टची जलद गाडी सुटते आणि सव्वा तासात पोहोचवते. पासपोर्ट तपासणीची रांग लांबली तरी दहाच्या आसपासची गाडी मिळायला हवी. त्या गाडीत मात्र झोपू नका, नाहीतर स्टुटगार्ट मागे राहील.